भाटव्यांचा उजवा खांदा

अमरावतीपासून अकोल्यापर्यंतच्या सगळ्या आखाड्यांत मिळून जेवढी माती असेल, तेवढा संशय माझ्या भाटव्यांच्या एकट्याच्या डोक्यात होता. भाटवे म्हणजे आमच्या अक्काचे यजमान. देवळातला प्रसाद ते हुंगून खात. दूधवाल्याला त्याच्याच दुधाचा एक घोट आधी प्यायला लावत. एस.टी.त बसले की ड्रायव्हर जागा आहे ना, हे मूर्तिजापूर येईपर्यंत दोनदा पुढे जाऊन पाहत; आणि जागा दिसला की परत येऊन मला विचारत, "इतका जागा कावून हाय हा?"

माणूस पैलवान उत्तम. पण अकोल्याच्या कुस्त्यांच्या एका दंगलीत उस्मानभाई नावाच्या पैलवानानं त्यांचा उजवा हात ओढला आणि खांदा निखळला. जाणत्यांनी बसवला, तरी तेव्हापासून त्याला निखळायची सवयच लागली. सदरा घालताना निखळे, फळीवरचा डबा काढताना निखळे; एकदा जांभई देताना हात वर गेला तो तसाच राहिला. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून खांदा आतून शिवून घट्ट करायचं ठरवलं. निघायच्या दिवशी भाटव्यांनी अक्काकडून डाव्या खांद्यावर काजळानं 'हा नाही' असं लिहून घेतलं. ते वाचून डॉक्टर हसले, तर त्यांना त्या हसण्याचा संशय आला. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते, "दोरा कोनता वापरला? दाखवा."

हात छातीशी बांधून ते घरी आले. पट्टी सुटायच्या सुमारास मी शाळेच्या सुट्टीत अकोल्याहून गेले, ती डॉक्टरांच्या सूचना नीट मार्गी लावून द्यायलाच. आधी कमरेत वाकून हात लंबकासारखा नुसता झुलवायचा, मग भिंतीवर बोटं चालवत हळूहळू वर न्यायची, मग दोर. हात बाहेरच्या अंगाला पिळायचा नाही आणि पुढच्या पोळ्यापर्यंत आखाड्याकडे फिरकायचं नाही. भाटव्यांनी सगळं ऐकून घेतलं. "भिंतीवर पालीवानी बोटं चालवून कोनी पैलवान झाला काय वो बाई? हा डॉक्टर त्या उस्मानचा मानूस हाय."

दोराचा व्यायाम अंगणातल्या विहिरीच्या गडगडीवर सुरू केला. दोराचं एक टोक दुखऱ्या हातात, दुसरं चांगल्या हातात; चांगल्यानं खाली ओढलं की दुखरा वर जातो. इथं मात्र भाटव्यांना आपल्याच डाव्या हाताचा संशय आला. "सारं काम हाच करून राहिला. उजवा फुकट वर जाते, अन् मले वाटते मी बरा झालो." डाव्याला त्यांनी कामावरून काढलं आणि दोराचं टोक अक्काच्या हाती दिलं. रोज सकाळी पाणी भरून झालं की ती ओढायला उभी राही.

"दुखते काय?"

"दुखते म्हनूनच ओढ. हळू नोको ओढू. तुले माही दया येऊन राहिली."

"येऊन राहिली त येऊन राहिली. नवरा हाय माहा," अक्का म्हणे, आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच ओढी.

हात वर जायला लागला, पार डोक्यावर गेला. पण एव्हाना सगळं गावच त्या खांद्याला जपायला शिकलं होतं. डॉक्टरांना न सांगता ते तालमीत उतरू लागले, तर तिथले गडी त्यांच्याशी लढताना उजवा हात सोडून बाकी सगळं धरत. मालिशवाला त्या बाजूला नुसतं तेल पुसून पुढे जाई. "मी बरा झालो का नाही, हे मले कोनी खरं सांगूनच नाही राहिलं," भाटवे एकदा मला म्हणाले. तेव्हा त्यांच्या आवाजात संशय नव्हता, भीती होती.

डॉक्टरांनी लढायची परवानगी दिली, तशी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दंगलीत त्यांनी जोड मागून घेतली ती उस्मानभाईंची. त्या खांद्याला दया दाखवणार नाही असा तेवढा एकच माणूस उरला होता. आम्ही बायका शेजारच्या गच्चीवरून पाहत होतो. सलामीला उस्मानभाईंनी चिमूटभर माती भाटव्यांच्या उजव्या खांद्यावर लावली, ती बाळाच्या टाळूवर तेल ठेवावं तशी. मग मान धरली, कंबर धरली, डावा हात धरला, उजव्याला शिवेनात. शेवटी भाटव्यांचा आवाज गच्चीपर्यंत आला.

"उजवा धर ना बे."

"जाऊ द्या पैलवान. दवाखान्याचा हात हाय तो."

"त मंग आला कायले? धर."

उस्मानभाईंनी धरला आणि खरोखर ओढला. अक्कानं माझं मनगट आवळलं. भाटवे गर्रकन फिरले आणि चीतपट झाले. मग त्या मातीतून उजवा हात सरळ वर आला, बोटं उघडमीट करत. पैलवान पडला होता, खांदा जागेवर होता. हरल्याचे पेढे वाटणारा दुसरा माणूस मी वऱ्हाडात पाहिला नाही. पहिला पेढा त्यांनी उस्मानभाईंच्या तोंडात घातला, आधी हुंगून.

त्यांनी कुस्ती सोडली त्याला आता बरीच वर्षं झाली. खांदा पुन्हा कधी निखळला नाही; बाहेरच्या अंगाला तेवढा पुरता वळत नाही, म्हणून सदऱ्याची उजवी बाही आधी घालतात. यंदा अक्काचा खांदा आखडला. वेणी घालायला हात मागे जाईना. मी भेटायला गेले तर गडगडीवर पुन्हा दोर चढलेला. एक टोक अक्काच्या दुखऱ्या हातात, दुसरं भाटव्यांच्या उजव्या हातात.

"डावा हात खाली घे. चोरून मदत करते तो," भाटवे म्हणाले. "दुखते काय?"

"नाही."

"खोटं बोलून राहिली," ते म्हणाले, आणि दोर होता तिथंच धरून, तिचा श्वास सरळ होईपर्यंत दुसरीकडे पाहत उभे राहिले.