ती घसरून पडली नव्हती

माझी नणंद गरोदरपणात घसरून पडली, ही थाप माझीच. सासूबाईंनी नुसती मान डोलावली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती तलासरीहून आमच्याकडे नरपडला आली होती. आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले, मग चेहरा. मी म्हटलं, माहेरचं जेवण मानवलंय. दोन दिवसांनी तिला झटके आले. चिकूच्या टेम्पोत घालून तिला डहाणूला नेलं. बीपी भलतंच चढलं होतं. मूल ताबडतोब काढावं लागलं. मुलगी झाली, दोघी वाचल्या.

घरी सोडताना ती आत बाळाला पाजत होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "बाळंतपण झालं म्हणजे हे संपलं असं समजू नका. अशा बायकांना पुढे हृदयाचा त्रास होऊ शकतो. दरवर्षी बीपी तपासायचं, जन्मभर. तिला नीट समजावा." कागदावरही त्यांनी तसं लिहून दिलं.

सासूबाईंना एकच धास्ती होती. झटक्यांचं सासरी कळलं तर आकडी येणारी पोर आमच्या गळ्यात मारली म्हणतील. तेव्हा मी घसरण्याची गोष्ट तयार केली, न्हाणीतल्या शेवाळासकट, आणि कागद कपाटात साड्यांखाली सारला. तिला सांगू सावकाश, असं मनाशी म्हटलं. खरं तर मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटत होतं.

ती मुलगी यंदा बारावीला आहे. इतकी वर्षं नणंद दर भाऊबीजेला येत राहिली आणि निघताना मी तिच्या पिशवीत पापड, लोणचं, सुके बोंबील कोंबत राहिले. अलीकडे ओटीच्या चार पायऱ्या चढली तरी तिला धाप लागायची. मी सगळ्यांदेखत म्हणायचे, "बसून खातेस नुसती, दुसरं काय!" ती हसायची. ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

या वर्षी पायांवर सूज आली, आडवं पडलं की ती गुदमरायला लागली. मी आणि तिचा नवरा तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. टूडी इको झाला. बीपी बरीच वर्षं वाढलेलं असणार, हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "गरोदरपणात बीपी, झटके, असं काही?"

"नाही. घसरून पडले होते," ती म्हणाली. नवऱ्याने दुजोरा दिला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

तो औषधं आणायला गेला, तेव्हा बाहेरच्या बाकावर मी तोंड उघडलं.

"झटके आले ते ठाऊक आहे मला, वहिनी," ती म्हणाली. "यांच्यासमोर कसं बोलणार?"

"ते नाही गं. दरवर्षी बीपी तपासायला सांगितलं होतं. हृदयासाठी. मी तुला सांगितलंच नाही. कागद माझ्याच कपाटात आहे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तिला उठवलं, दोघी पुन्हा आत गेलो आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला, धाप लागली होती म्हणून.

"वर्षातून एकदाच ना?" ती म्हणाली. "दरवर्षी तर येतच होते मी, वहिनी."