चावी माजलगावात, कुलूप अंबाजोगाईत

दोह्याहून प्रकाशचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली. प्रकाश माझ्या बायकोचा भाचा, तिच्या भावाचा मुलगा. बायको जाऊन आता बरेच दिवस झाले, पण हा पोरगा मला अजून मामा म्हणतो. तिकडे एका मोठ्या किराणा दुकानात तो कामाला आहे. अंबाजोगाईबाहेर माझी पत्र्याची शेड आहे. तिथं आम्ही सीताफळाचा गर काढतो, डबे भरतो, गोठवतो आणि आइस्क्रीमवाल्यांना देतो. यंदा प्रकाशच्या दुकानाला नमुना पाठवायचं ठरलं होतं. डबे भरून तयार होते.

"मामा, माल पसंत पडला तर हंगामभर इथं तुमचा एक माणूस लागंल," तो म्हणाला. "माल उतरवून घ्यायचा, चव बघायची, मालकाला तोंडावर हो-नाही सांगायचं. भरवशाचा पाहिजे. नाव कळवा."

नाव माझंच कळवायचं होतं. त्यासाठी पासपोर्टही काढून ठेवला होता. पण मला लगेच हो म्हणता येत नाही. जिभेवर हो येतं आणि डोक्यात प्रश्न सुरू होतात. फळ पुरेल का? इतकं लांब गेल्यावर इथं कोण बघणार? तिकडे मी आजारी पडलो तर?

शिक्षण माझं सातवीपर्यंत. धंदा परदेशात कसा न्यायचा ते सांगणारे लोक भराभर इंग्रजीत बोलतात, ते माझ्या डोक्यावरून जातं. पण पवित्र शास्त्र मी रोज वाचतो. त्यातला नहेम्या मला फार आवडतो. आपल्या शहराचा पडलेला कोट बांधायला घेण्याआधी तो कुणालाही न सांगता सगळीकडून फिरून आला, कुठं किती पडलंय ते डोळ्यांनी पाहिलं आणि मग बोलला. मी म्हटलं, आपणही आधी फिरून येऊ. फळ कुठून येतं ते बघू, मग प्रकाशला कळवू.

शेडवर सुमनबाई असतात. गर काढणाऱ्या सगळ्या बाया त्यांच्या हाताखाली. निघताना मी फ्रीजरच्या खोलीला कुलूप घातलं आणि चावी बंडीच्या आतल्या खिशात टाकली. ती नेहमी तिथंच असते.

"चावी?" सुमनबाईंनी विचारलं.

"काय करायचीय? डबे गोठलेत. हात लावायचं काम नाही. उद्यापर्यंत येतोच."

त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या.

अंबाजोगाईहून केजला एसटी सारखी मिळते. माझ्या वयाच्या माणसाला तिकीट अर्धं पडतं, आधार कार्ड मात्र जवळ ठेवा, नाहीतर कंडक्टरशी वाद होतो. मी खिडकीची जागा धरली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. ही जुनी सवय आहे. पूर्वी बायको चढेपर्यंत मी तिची जागा अशीच धरून ठेवायचो. एका माणसानं विचारलं, "कुणी हाय का इथं?" मी पिशवी मांडीवर घेतली.

केजहून नांदूरघाटला मी जीपनं गेलो. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून हातात वेळ ठेवून जा. स्टँडवर भजी चांगली मिळतात. चहावाल्याला मी सवयीनं "दोन" म्हणालो. दोन्ही मीच प्यायलो आणि मग रस्ताभर पित्त उसळलं.

नांदूरघाटला बाबूराव धनगर राहतात. मेंढरं पाळतात. हंगामात त्यांच्या घरची माणसं डोंगरातली सीताफळं तोडून आम्हाला देतात. त्यांनी मला माळावर नेलं. झाडं लहान, खडकात उगवलेली, पण लगडलेली. सीताफळाच्या दोन डोळ्यांमधली रेघ पांढरी पडली की फळ तोडायचं, मग ते घरी पिकतं. मी झाडाझाडाशी थांबून फळ उलटंसुलटं करून बघत होतो. बाबूरावांची बायको पाटी घेऊन मागं उभी होती. शेवटी ती म्हणाली, "दादा, असं एक-एक बघत बसलात तर दिवाळी हितंच व्हईल."

"माल परदेशात जायचाय," मी म्हणालो.

"मग तिकडच्या माणसाला तोंड न्हाई का? तेबी खाऊनच बघंल की!"

बाबूराव खो खो हसले. मीही हसलो, पण फळं बघायचं थांबवलं नाही.

रात्री त्यांनी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा वाढला. असं जेवण हॉटेलात मिळणार नाही, कुणी बोलावलं तर नाही म्हणू नका. नातवंडं मेंढरांवरून भांडत होती, सून हसत होती. ओसरीवर अंथरूण मिळालं. पडल्या पडल्या मी फोन काढला. पूर्वी प्रवासात या वेळी मी घरी फोन करायचो, काय जेवलो ते सांगायचो. जरा वेळ फोन नुसता हातात धरला आणि उशाशी ठेवून दिला. मग बंडीत चावी चाचपली. होती.

दुसऱ्या दिवशी केजवरून धारूरला गेलो आणि तिथून घाट उतरून माजलगावला. धारूरचा घाट पावसाळ्यानंतर हिरवा असतो. वळणं अवघड आहेत, पोट हलकं ठेवून बसा. खाली उतरलं की जमीन एकदम बदलते. इकडे खडक, तिकडे उसाची गच्च पट्टी. धरणाजवळ ताजे मासे तळून देतात, ते खाण्यासारखे असतात असं सगळे सांगतात. मी खाल्ले नाहीत. एकट्यानं मासे मागवून बसायला मला कसंतरी होतं.

माजलगावला माझे व्याही राहतात, मनोहरराव. माझी लेक आणि त्यांचा मुलगा पुण्यात असतात. मनोहरराव साखर कारखान्यात पाळीवर देखरेख करायचे, आता निवृत्त झालेत. त्यांच्या ओसरीत बसून मी सगळं सांगितलं. नहेम्या सांगितला, माळावरची फळं सांगितली, दोहा सांगितलं.

"आणि चव कोण बघतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"रोज?"

"गराच्या प्रत्येक घाण्याला. बाया थांबतात. मी चमचा तोंडात घातल्याशिवाय डबा भरत नाही."

"आणि तुमी दोह्याला गेल्यावर?"

मनोहरराव पान लावत म्हणाले, "आमच्या कारखान्यात पाळी बदलली की चाव्या दुसऱ्याच्या हातात. मी घरी जाऊन झोपायचो. ऊस गाळायचा थांबत नव्हता. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसायचा, तवा त्याला कुणी सांगितलं, का हे तुला एकट्याला झेपायचं न्हाई, माणसं नेम म्हणून?"

"इथ्रोनं. सासऱ्यानं."

"मोशेनं सासऱ्याचं ऐकलं. तुमी व्याह्याचं ऐकाल का?"

मी हसून उत्तर देणार, एवढ्यात फोन वाजला. सुमनबाई होत्या.

"काका, पहाटंपासनं लाईट न्हाई. डीपी जळालाय म्हणतेत. चावी तुमच्यापाशीच हाय ना?"

माझा हात खिशात गेला. जनरेटर शेडच्या मागं उभा आहे, पण लाईन बदलायचा खटका त्या कुलपाच्या आत.

"मग आत्ता कावून सांगता? पहाटेच सांगायचं!"

"चार येळा फोन केलता. लागला न्हाई. घाटात असाल. डबे मऊ पडले तर संपलं बघा, पुन्हा गोठवले की गर लाल पडतो."

माजलगावहून अंबाजोगाईला पोचेपर्यंत दुपार उलटणार. दोहा, प्रकाश, नमुना, सगळं माझ्या बंडीच्या खिशात होतं.

"कुलूप फोडा," मी म्हणालो.

"काय?"

"कुलूप फोडा म्हणतो."

"थांबा. स्पीकर लावते. आता बोला सगळ्यांम्होरं. उद्या म्हणाल सुमननं फोडलं."

"सुमनबाई, मी सांगतो, कुलूप फोडा!"

"ऐकलं का गं बायांनो? आण ती पहार."

मग फोनवर पहारीचे घाव ऐकू आले. मनोहररावांनी पान हातातच धरलं होतं. एक घाव, मग दुसरा, मग कुणीतरी "आगं सरक" म्हणालं, मग लोखंड फरशीवर पडल्याचा आवाज. थोड्या वेळानं जनरेटर धडधडू लागला आणि फोन कट झाला.

"व्याहीबुवा," मनोहरराव म्हणाले, "मोशेनं निदान तंबूला कुलूप तरी लावलं नव्हतं."

जेवायला थांबलो नाही. माजलगावहून धारूर, धारूरहून अंबाजोगाई. परतीचा घाट मी पाहिलाच नाही. शेजारच्या जागेवर पिशवी ठेवायचंही सुचलं नाही. सारखं मनात येत होतं, नमुना गेला. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं, की गेला नसेल तर तो सुमनबाईंनी वाचवला, मी नाही. दुसऱ्या विचाराचाच जास्त त्रास होत होता, हे लिहायला लाज वाटते.

पोचलो तेव्हा लाईट आलेली होती. सुमनबाईंनी वरचे मऊ पडलेले डबे बाजूला काढून गावातल्या आइस्क्रीमवाल्याला देऊनही टाकले होते. खालचे दगडासारखे कडक होते. ते नमुन्याचे. मी पिशवी ठेवायच्या आधी चमचा उचलला.

"बघितली मी चव," सुमनबाई म्हणाल्या. "चांगला हाय गर. पॅक केलंय."

चमचा न बुडवताच मी खाली ठेवला. मग विचारलं, "सुमनबाई, दोह्याला जाल का?"

"मी? कावून? पासपोर्ट तुमचा हाय."

"तुमचा काढू. तिकडं चव बघायला आणि मालकाला तोंडावर सांगायला माणूस पाहिजे."

त्यांनी पदरानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिल्या. "तिकडं ज्वारी मिळती का?"

"प्रकाशला विचारतो."

प्रकाशला त्यांचं नाव कळवलं. नमुना पसंत पडला. त्यांच्या पासपोर्टचं काम चालू आहे, ज्वारी मिळते असंही कळलं. तुमचा धंदा लांब न्यायचा असेल तर माझा अनुभव एवढाच: नहेम्यासारखं आधी सगळं फिरून या, पण निघताना चावी घरी ठेवा.

खोलीला आता नुसती कडी आहे. हंगाम भरात आहे. काल दुपारी नवा घाणा निघाला तेव्हा मी माझ्या खुर्चीवर होतो. सुमनबाईंनी चमचा तोंडात घातला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "भरा." बाया भरू लागल्या. इतके दिवस त्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. दिवसभरात तेवढाच वेळ माझ्या शब्दासाठी कुणीतरी थांबलेलं असायचं. काल कुणी वर पाहिलं नाही. गर मात्र खरंच चांगला होता. मी नंतर डबा उघडून पाहिला.