शेरवानीवर फुटलेला सीएफएल

मी पोहोचलो तेव्हा नवरदेव दुकानाच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा होता. रफिकभाई टेलर, नवरदेवाचे वामनमामा आणि निम्मी गल्ली बाहेर रस्त्यावर. मी तेव्हा चिखलीला विजेच्या ऑफिसात ज्युनिअर इंजिनिअर होतो. "साहेब, बल्ब फुटला, गॅस सुटला," एवढंच रफिकभाई फोनवर बोलले होते.

स्टुलावर चढून ते बंद पडलेला सीएफएल काढत होते. काच धरून पिळला. तो फुटून खाली शेरवानीची ट्रायल देणाऱ्या नवरदेवाच्या, प्रशांतच्या खांद्यावर पडला.

सीएफएल म्हणजे तो पिळाचा पांढरा बल्ब. आत पांढरी पावडर आणि किंचित पारा असतो. शाबूत असेपर्यंत काही नाही. फुटला की पाऱ्याची वाफ होते. हवा खेळती ठेवून थोडा वेळ बाहेर थांबलं की भागतं. पण मामांनी मोबाइलवर भलतंच वाचलं होतं, हललं की गॅस अंगात जातो म्हणून.

"हालू नोको बे," मामा रस्त्यावरून.

"मामा, हात दुखून राह्यले."

"दुखू दे. दुपारी लग्न हाय."

गॅस जावा म्हणून रफिकभाईंनी पंखा फुल केलेला. पावडर दुकानभर. मी पंखा बंद केला, मागची खिडकी उघडली.

"प्रशांत, बाहेर चल. पण आधी शेरवानी इथेच काढ. झटकू नको, खांद्यावरून मागे सोड."

तो गल्लीकडे बघत राहिला. "आत फक्त बनियान हाय, साहेब."

मामांनी गल्लीला पाठ फिरवायला लावली. गल्लीनं फिरवली.

शेरवानी पांढरी, पावडरही पांढरी. "काहीच तं दिसत नाही," मामा म्हणाले. "एका पाण्यात निघते."

"धुवायची नाही. मशीनमध्ये पारा जाईल. कापडात काच बसलीय. टाकावी लागेल."

रफिकभाई ओट्यावर खाली बसले. "कॉलरचं पूरं काम हातानं केलं होतं, साहेब." मग त्यांनीच शेजारच्या दुकानातून दुसऱ्या गिऱ्हाइकाची मरून रंगाची शेरवानी आणली. ती ढगळ होती. मागून पिना लावल्या. लग्न वेळेवर लागलं. प्रशांत फोटोत कुठेही पाठमोरा नाही.

दुकानात झाडू लावू दिला नाही, त्यानं पारा पसरतो. जाड पुठ्ठ्यानं काचा उचलल्या, बारीक चुरा चिकटपट्टीनं, वर ओला कागद फिरवला. सगळं झाकणाच्या बरणीत. शेरवानी पिशवीत घालून तोंड बांधलं.

घंटागाडीवाल्यानं पिशवी पाहिली. "नवी कोरी काऊन फेकता? मले द्या नं."

म्हणून बरणी आणि पिशवी दोन्ही घेऊन मी ई-कचरा जमा करतात तिथं गेलो. तिथल्या माणसानं पिशवी उलटसुलट करून पाहिली.

"साहेब, याची वायर कुठाय?"

बरंच समजावल्यावर त्यानं ती ठेवून घेतली.

तेव्हा सीएफएल काढताना आधी बटन बंद करा. गार होऊ द्या. काच नाही, प्लॅस्टिकचं बूड धरून फिरवा. आणि खाली नवरदेव उभा नाही ना, एवढं बघा.