सुलभामावशीची किसणी

दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसले होते. समोरच्या टीव्हीवर एक बाई किसणी विकत होती. गाजर, काकडी, कोबी तिच्या हाताखाली भराभर किसली जात होती. शेजारच्या आजी पुटपुटल्या, "काय हात चालतोय बाईचा!"

या लांबलचक जाहिराती परदेशातून आल्या, असं म्हणतात. तिकडेही म्हणे जत्रेत, बाजारात बोलून बोलून माल खपवणारी माणसंच पुढे टीव्हीवर गेली. मला ते लगेच पटलं, कारण मी सुलभामावशीला पाहिलं आहे.

काका गेल्यावर मावशी यात्रेत किसण्या विकायला उभी राहू लागली. एकदा मी तिच्यासोबत होते. सकाळपासून एकही किसणी खपली नव्हती. दुपारी कुठे चार बायका जमल्या, आणि नेमकं तेव्हाच मावशीचं बोट कापलं.

"असलं घरात नको गं बाई," म्हणत एकजण मागे सरकली.

मावशीने बोटाला रुमाल गुंडाळला. "माझंच चुकलं. बोटं वाचवायला ही बटाटा धरायची मूठ असते, ती न लावता किसत होते. आता लावून दाखवते, बघा." त्याच हाताने तिने बटाटा पुन्हा किसायला घेतला. आवाज जरासुद्धा थरथरला नाही. बायका परत पुढे आल्या, आणखी जमल्या. संध्याकाळी किसण्यांची पेटी रिकामी झाली.

परतताना एसटीत मी विचारलं, "मावशी, दुखत नव्हतं का गं?"

"आता दुखतंय," ती म्हणाली, आणि मग कुठे तिच्या डोळ्यांत पाणी आलं.