मागे ठेवलेला फ्लॅश

१९९७च्या फेब्रुवारीत माझ्या एका मित्राची आई खानदेशात, तापीकाठच्या तिच्या घरी वारली. मित्र फोटोग्राफर होता. तिचा नीट आलेला एकही फोटो त्याच्याकडे नव्हता.

हे आज लिहितो आहे, कारण गेल्या आठवड्यात सुरतेत, उधन्याला त्याच्या घरी गेलो होतो. दारातून शिरताच उदबत्तीचा वास आला आणि समोरच्या भिंतीवर तोच जुना कृष्णधवल फोटो दिसला. त्याची नात माझ्या शेजारी उभी राहून वर पाहत होती. ती सुरतेतच जन्मली, शाळेतली भाषा घरातही बोलते. "दादा, आ फोटो तो हली गयो छे," ती म्हणाली. आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तिला घरच्या बोलीत सांगितलं, "फोटो नही बेटा, माय हालनी."

त्या वर्षांत उधन्याच्या एका गल्लीत त्याचा लहानसा स्टुडिओ होता. मी एका मराठी दैनिकात बातम्या लिहीत असे आणि दुपारच्या रिकाम्या वेळी त्याच्याकडे जाऊन बसत असे. गिऱ्हाईक बहुतेक आपल्याच मुलखातलं, लूमवर नाहीतर पांडेसऱ्याच्या रंगाई कारखान्यांत राबणारं. बारसं, लग्न, पासपोर्टचे फोटो हे नेहमीचं काम. एक काम मात्र वेगळं होतं. इथे कुणी वारलं की गावाकडची सगळीच माणसं वेळेत पोचू शकत नसत. ज्यांना तोंड बघायला मिळणार नाही त्यांच्यासाठी शेवटचा फोटो काढून ठेवायचा, असा त्या वस्तीत रिवाज पडला होता. खोल्या एकाला एक चिकटलेल्या, खिडकी असली तर शेजारच्या भिंतीवर उघडणारी. फ्लॅशशिवाय तिथे काही उमटत नसे. म्हणून फ्लॅशची एक वेगळी काळी बॅग दाराजवळच्या खिळ्याला कायम टांगलेली असे. निरोप आला की तो ती उचलून निघे. गल्लीला ती बॅग इतकी ओळखीची झाली होती की ती खांद्यावर दिसली की बायका ओट्यावरूनच विचारत, "कोण गेलं हो भाऊ?" एकदा हळदीच्या घरी जाताना एका म्हातारीने असंच अडवलं, तर तो म्हणाला, "नवरदेव गेला मावशी, कामातून!" म्हातारी हसली नाही. तिने बॅगेकडे पाहून हात जोडले.

१९९७च्या जानेवारीत आम्ही दोघांनी प्रवासाचा बेत केला. डुमसला, जिथे तापी समुद्राला मिळते, तिथून निघायचं. उकाई, प्रकाशा करत, जमेल तिथे एस.टी.ने आणि जमेल तिथे पायी, काठाकाठाने वर त्याच्या गावापर्यंत जायचं. इतकी वर्षं लोकांच्या सांगण्यावरून फोटो काढले, आता थोडे आपल्या मनाचे काढू, असं त्याचं म्हणणं होतं. गावी पोचल्यावर आईचा फोटो काढायचा, हा खरा हेतू. वर्षानुवर्षं ती कॅमेऱ्यासमोरून उठून जात आली होती. या खेपेला मात्र बसते, असं तिनेच कळवलं होतं.

एका दुपारी त्याने स्टुडिओत चादर अंथरून सगळं सामान मांडलं. खांद्याला झेपेल आणि वाटेत लागेल एवढंच न्यायचं होतं. शहरातला एक ओळखीचा दुकानदार वापरून बघायला म्हणून नवा झूम देऊन गेला होता. "लई जाओ ने भाई, एकमां बधुं आवी जाय," असा त्याचा आग्रह होता. मित्राने तो डोळ्याला लावला, खोलीभर फिरवला आणि परत डबीत घातला. सोय आहे, पण उजेड कमी घेतो, म्हणाला. एकशे पस्तीसची लांब लेन्स त्याने हातात तोलली. "ही म्हणजे लांबून चोरून बघणं. आपण चालतच जाणार, तर जवळ जाऊ." तीही गेली. नदीच्या पात्रासाठी अठ्ठावीसची राहिली, माणसांसाठी पन्नासची. पन्नासची सगळ्यांत हलकी आणि मिणमिणत्या उजेडातही भागवून नेणारी. चादरीवर शेवटी फ्लॅश उरला.

"घे," मी म्हणालो. "आईचं घर अंधारं आहे, तूच सांगतोस."

"तिला अंगणात बसवू. ऊन काय विकत आणायचंय?"

"आणि आभाळ आलं तर?"

"जानेवारीत?" तो हसला. मग फ्लॅश बॅगेत ठेवून बॅग खिळ्याला टांगत म्हणाला, "हा उजेड मायच्या तोंडावर नाही टाकायचा मला."

मी चादरीची घडी घालायला घेतली.

नदीने आम्हाला चांगले दिवस दिले. उकाईच्या पाण्यावरचं धुकं, वाळूतल्या टरबुजांच्या वाड्या, प्रकाशाच्या घाटावर ओल्या लुगड्याने पायऱ्या चढणाऱ्या बायका. या सगळ्याला त्या दोन लेन्स पुरल्या. गावी पोचलो तेव्हा अंगणात लख्ख ऊन होतं. आई मात्र तिथे नव्हती. आदल्या आठवड्यात ती न्हाणीत पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं आणि डॉक्टरांनी हलवायचं नाही म्हणून बजावलं होतं. थोरल्या भावाने टाकलेलं पत्र आम्ही सुरत सोडल्यावर तिथे पोचलं असणार. आतल्या खोलीत ती खाटेवर निजून होती. वीज गेलेली. उजेड होता तो दाराच्या चौकटीतून आत पडेल तेवढाच.

ती मात्र फोटोसाठी तयार होती. तिने थोरल्या सुनेकडून केस विंचरून घेतले, पदर नीट करवून घेतला. त्याने पन्नासची लेन्स पूर्ण उघडली, वेग शक्य तितका कमी केला, चौकटीला पाठ टेकवली, श्वास रोखला.

"माय, हालू नको."

"मी कोठे हालस?" ती म्हणाली, आणि ते म्हणतानाच हालली. तो पुन्हा सावरून बसला. "तू जेवना का रे?" तिने विचारलं. "जेवनू माय. आते बोलू नको." "बरं," ती म्हणाली, आणि तो खरंच जेवला का, हे तिने मला विचारलं. प्रत्येक फ्रेमच्या वेळी तिला काहीतरी आठवत राहिलं. शेवटी तोच हसू लागला. कॅमेरा ठेवून तिच्या उशाशी बसला आणि म्हणाला, होळीला येतो, तोवर तू उठशील, मग अंगणातच काढू. ती म्हणाली, येशील तेव्हा सुनेला आणि लेकरांनाही आण.

सुरतेला आल्यावर त्याने रोल धुतला. भिंतीवर आहे तो फोटो त्यातलाच. त्यात फळीवरच्या डब्याचं झाकण, टांगलेला कंदील, खाटेची वीण, खाटेच्या काठावर ठेवलेला तिचा हात, सगळं रेखीव आहे. चेहऱ्याच्या जागी पांढरट, मऊ असा एक ओघ आहे. तो बोलतो आहे एवढं कळतं.

होळीच्या आधीच शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला. मी तेव्हा स्टुडिओत होतो. ऐकून तो परत आला. अशा निरोपानंतर इतकी वर्षं जी बॅग उचलत आला होता, तीच त्याने खिळ्यावरून उचलली आणि शटर ओढलं. आम्ही मिळेल त्या गाडीने निघालो. वाटभर ती बॅग मांडीवर होती.

आम्ही पोचलो तेव्हा अग्नी देऊन लोक परतले होते. आतली खोली सारवलेली होती, अजून ओली. खाट बाहेर काढून अंगणात, उन्हात ठेवली होती.