कचऱ्यात गेलेलं वजाचं चिन्ह

आमच्या मंडळाच्या रक्तदाता ॲपचं उद्घाटन झालं तेव्हा बॅनरवर रक्ताचा थेंब लिंबाएवढा होता आणि अध्यक्षांचा चेहरा कलिंगडाएवढा. अध्यक्ष बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर सही करायला कागद उरले नाहीत म्हणून त्यांनी विरारमध्ये हे मंडळ काढलं, असं माझं प्रामाणिक मत आहे. ॲप त्यांच्या जावयाने बनवलं होतं. जावयाची अंधेरीला कंपनी होती, आणि त्याने ॲप फुकट बनवून दिलं हे आम्हाला इतक्यांदा ऐकवण्यात आलं की विकत घेतलं असतं तर बरं, असं वाटू लागलं.

मी कमिटीत होते ती "कॉम्प्युटरवाली बाई कोणीतरी हवी" म्हणून. फुलपाड्यातल्या घरी बसून मी एका ऑफिसचं डेटाबेसचं काम करते. लोकांनी सर्चच्या चौकटीत काहीही टाइप केलं तरी नेमकं तेच सापडावं, हे बघणं माझं पोटापाण्याचं काम. पण उद्घाटनापर्यंत मला ते ॲप कोणी दाखवलं नव्हतं. जावई म्हणाला होता, "सरप्राइज असू द्या ना, मॅडम."

सरप्राइज हॉलभर लोकांसमोर मिळालं. अध्यक्षांनी पडद्यावर ओ पॉझिटिव्ह शोधलं, नावं धडाधड आली, टाळ्या पडल्या. मग कमिटीतल्या टीचरना पुढे बोलावलं. टीचर म्हणजे वसईच्या पश्चिमेकडच्या गावातल्या, चर्चच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या ख्रिस्ती बाई. इंग्रजीत लिहिताना त्यांच्या आडनावात पहिल्या 'डी'नंतर वरती ती छोटी टिकली, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, येते. त्यांनी शिस्तीत आडनाव टाइप केलं. पडदा पांढरा झाला आणि त्यावर लाल अक्षरांत कसल्याशा इंग्रजी ओळी उमटल्या.

"ती टिकली काढून टाका, टीचर," जावई म्हणाला. "सिस्टीमला स्पेशल कॅरॅक्टर चालत नाही."

टीचरनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "बाळा, पोर्तुगीज गेले, पेशवे गेले, इंग्रज गेले. कोणी माझ्या घराण्याची टिकली काढली नाही. तुझ्या सिस्टीमसाठी मी काढू?"

लोक हसले. अध्यक्षही हसले, पण विनोद न कळल्यासारखे. मला राहवेना. मी पुढे होऊन ए पॉझिटिव्ह शोधलं. ए आणि पुढे अधिकचं चिन्ह. उत्तर आलं: एकही दाता नाही. स्वतः अध्यक्ष ए पॉझिटिव्ह होते आणि त्यांनी पहिलं नाव स्वतःचंच नोंदवलं होतं.

दोष काय होता ते मला तिथे उभ्याउभ्याच कळलं. असा सर्च लिहिलेल्या मजकुराचे शब्द तोडून ठेवतो, आणि तोडताना अधिक, वजा अशी चिन्हं कचरा समजून टाकून देतो. त्यामुळे बी पॉझिटिव्ह आणि बी निगेटिव्ह दोन्हींचं उरतं नुसतं बी. त्यात जावयाने सेटिंग इंग्रजीचं ठेवलेलं. इंग्रजीत ए हा इतका फालतू शब्द की सर्च तो मोजतच नाही. म्हणजे ए गटाची सगळी माणसं वसई-विरारमधून नाहीशी. टिकली टाकताच ॲपचं अख्खं पान कोसळत होतं ते त्याहून वाईट. तो कोड शिकाऊ माणसानेही लाजेने लपवला असता.

नंतरच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं समजावून सांगितलं. जावई म्हणाला, "लोक डेटा नीट भरत नाहीत." अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता." आपण काहीतरी शाब्दिक कोटी केली आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं. विषय संपला आणि बटाटेवडे आले.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी मावशी पडली. आईची थोरली बहीण, चांदीपला शेतावर राहणारी. खळ्यात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. वसईच्या एका हॉस्पिटलात तिला ठेवलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करायला हवं, पण मावशीचा गट बी निगेटिव्ह आणि रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नाही. दोन दाते तुम्हीच आणा.

मावशी पडल्यापडल्या म्हणाली, "कोनाचं बी चालंल गं. मी काय नाव इचारनार हाय?"

"नाव नाही विचारत, मावशी. गट जुळावा लागतो."

"मंग आन जुळवून. तू त्येचंच काम करतंस ना?"

खरं होतं. ॲप भिकार असलं तरी त्यात भरलेली माणसं खरी होती. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून बी आणि वजाचं चिन्ह टाकलं. बी गटाचे सगळे आले, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एकाच टोपलीत. आणि नावापुढे गट दिसतच नव्हता. शोधणाऱ्याने गट आधीच टाकलेला असतो, मग पुन्हा कशाला दाखवायचा, असा जावयाचा युक्तिवाद. मी फोन लावत सुटले. एकजण म्हणाला, "मी पॉझिटिव्ह आहे, ताई, एकदम पॉझिटिव्ह माणूस." दुसऱ्याने आधी स्वतःच्या शुगरबद्दल सांगितलं. एक बाई भडकल्याच. "चुकीच्या गटासाठी रोज कोणी ना कोणी फोन करतं. माझा नंबर काढा तिथून!"

दुपारी मी जावयाला फोन केला. "मला फक्त आतल्या टेबलात बघू दे. एका ओळीचं काम आहे."

"मॅडम, प्रोसेस असते. रिक्वेस्ट टाका, आम्ही बघतो."

"माणूस पडलंय इथे."

"तेच तर. मेलमध्ये अर्जंट लिहा."

मी टीचरना फोन करून रडकुंडीला येऊन हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अध्यक्षांच्या घरी ये. मी निघाले." मी पोचले तेव्हा टीचर अध्यक्षांच्या सोफ्याच्या मधोमध बसल्या होत्या, पर्स मांडीवर, आणि अध्यक्ष समोरच्या खुर्चीत चोरासारखे.

"नियमाप्रमाणे कमिटीचा ठराव लागेल," अध्यक्ष म्हणत होते. "हा लोकांचा खासगी डेटा आहे, टीचर."

"सगळ्यांचे फोन नंबर कोणालाही दिसतात, तो खासगी नाही. गट तेवढा खासगी?" टीचर म्हणाल्या. "ठीक आहे. ठराव होईपर्यंत मी इथेच बसते. मला चहा चालेल, साखर कमी."

चहा आला. दुसरा चहा आला. अध्यक्षांच्या बायकोने टीचरना जेवायलाच थांबता का विचारलं, आणि त्या "आनंदाने" म्हणाल्या, तेव्हा अध्यक्ष उठून आत गेले. जावयाला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळात माझ्या मोबाइलवर पासवर्ड आला. पासवर्ड अध्यक्षांचं नाव आणि पुढे एक दोन तीन. मी हसले नाही. हसायला वेळ नव्हता.

लॅपटॉपवर मी शब्दांचा सर्च बाजूला ठेवून थेट गटाच्या रकान्यात बी आणि वजा असं जसंच्या तसं विचारलं. तीन नावं आली. एक बाई गाव सोडून गेल्या होत्या. दुसरा माणूस फुलपाड्यातच, माझ्या घराच्या पलीकडच्या गल्लीत. तिसरे चिंचोटीचे एका शाळेतले क्रीडाशिक्षक. गल्लीतला लगेच हो म्हणाला. चिंचोटीचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा.

टीचर आणि मी रिक्षाने चिंचोटीला गेलो. शाळा विचारत विचारत पोचलो तर शाळा सुटल्यावरही सर मैदानावर मुलांची कबड्डी घेत होते. मी ॲपचं नाव काढताच त्यांनी हात जोडले.

"बाई, माफ करा. रोज फोन यायचे, बी पॉझिटिव्ह हवंय म्हणून. प्रत्येकाला समजावायचो. एकदा तर वर्ग सोडून नालासोपाऱ्याला गेलो, तिथे म्हणाले निगेटिव्ह दुर्मिळ, ते इथे वापरणार नाही, पॉझिटिव्हच आणा. तेव्हापासून अनोळखी फोन उचलत नाही."

"आम्हाला निगेटिव्हच हवंय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खरंच?" मग शिट्टी खिशात घातली. "कुठे यायचं सांगा."

आणि मला तिथे, त्या धुळीत, खरी चीड आली. नुसता चुकीचा सर्च असता तर ठीक. या ॲपने तालुक्यात मोजके असलेले दाते छळून छळून गप्प केले होते, आणि त्याच वेळी बॅनरवर लिहिलं होतं, एका क्लिकवर जीवदान.

दोघांनी रक्त दिलं. मावशीचं ऑपरेशन नीट पार पडलं.

रात्रीअपरात्री न जागता, चार रविवार दुपारी बसून मी तो सर्च दुरुस्त केला. गट टाइप करायचाच नाही, बटणातून निवडायचा. चिन्हं टाकून न देता सांभाळायची. नावापुढे गट दिसायलाच हवा. टिकली तर पहिल्याच दिवशी. जावयाने त्याला "व्हर्जन टू" नाव दिलं आणि पुन्हा उद्घाटन ठेवलं. अध्यक्षांनी भाषणात मावशीची गोष्ट यशोगाथा म्हणून सांगितली. त्यांच्या तोंडून ती अशी होती: ॲपने काही क्षणांत दाते शोधून दिले. ते सोफा विसरले, चहा विसरले, ठरावही विसरले. पुरस्कारासाठी अर्ज करायचा आहे, असंही म्हणाले. मी खुर्चीवरून उठले आणि टीचरही उठल्या. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. कमिटीने तो "खेदपूर्वक" स्वीकारला, आणि नवी कॉम्प्युटरवाली बाई शोधायला लागली.

मावशी आता वॉकर धरून अंगणात फिरते. क्रीडाशिक्षकांना तिने जेवायला बोलावलं होतं. भाकरी, सुकट, घरच्या तांदळाचा भात. सर पाठ टेकून बसले तशी ती त्यांना म्हणाली, "खा रं बाबा पोटभर. तुजं रगत हाय आता माज्यात, मना बी तुज्यासारकी कबड्डी याया लागंल."

सर हसता हसता ठसकले आणि मावशीने मला सुनावलं, "बगतंस काय? पानी दे त्याला."