कानबाईची शिदोरी

बेबाबाईला कानबाई ओळखू यायची ती आवाजावरून. श्रावणातल्या त्या रविवारी सुरत-पुण्याकडे पांगलेले सगळे भाऊबंद शिरपूरच्या घरी जमत. पुढच्या खोलीत पाटावर कानबाईचा कलश, कलशावर नारळ, नारळाला डोळे, नथ, डोरलं असा देवीचा साज चढे, आणि थोरली सून बेबाबाई स्वयंपाकघरात पुरणाचे रोट लाटत असे. आरती संपायला आणि नैवेद्याचा पहिला रोट तव्यावरून उतरायला एकच गाठ पडली पाहिजे, हा घरचा शिरस्ता. टाळ्या वाढल्या की तिचा हात भराभर चाले. ताट घेऊन बाहेर यावं तर समोर नुसत्या पाठी. ताट हातोहात पुढं जाई आणि मागून हाक येई, "पाणी कुठंय?"

माहेरी पारोळ्याला ती देवीच्या अगदी पुढ्यात बसायची. लग्नानंतर ते गेलं ते गेलंच. यंदा मात्र तिनं ठरवलं होतं, एकदा तरी समोर बसून तिचं तोंड डोळे भरून बघायचं. पहाटेच पुरण वाटून, कणीक मळून ती हात पुसत दारापर्यंत आलीसुद्धा.

"बेबा, कथी निंघनी?" पाटाशेजारून सासू झुंबरबाई ओरडली. "पहिला रोट थोरलीना हातनाच लागस!"

"आत्याबाई, यंदा पुनम लाटेल की."

"पुनम?" धाकटी जाऊ मंदाबाई हसली. ती सुरतेहून खास नऊवारी शिवून आली होती. "ताई, तुमच्या सुनेच्या पोळीचा गुजरातचा नकाशा होतो. देवी वाट चुकेल."

सगळे हसले. बेबाबाईही हसली आणि आत गेली.

पुनमनं सासूसाठी मोबाइलवर व्हिडिओ काढला. रात्री भांडी आवरताना बेबाबाईनं तो पाहिला. मंदाबाईचा अंबाडा, टाळ्या पिटणारी पोरं, पुनमचा स्वतःचा अर्धा गाल, पुन्हा अंबाडा.

"देवी कुठंय गं?"

"आहे ना मम्मी, अंबाड्याच्या मागे."

"उद्या पाट उचलताना मला हाक मार," बेबाबाई म्हणाली.

सोमवारी सकाळी विसर्जन. बँडवाल्यांना आणखी चार घरं होती, ते लवकर आले आणि वाजवायलाच लागले. विसर्जनाहून परतणाऱ्यांसाठी बेबाबाई भजी तळत होती. हाक कुणी मारली असली तरी त्या ढोलापुढं काय ऐकू येणार? ती बाहेर धावली तेव्हा खोलीत विस्कटलेली रांगोळी आणि थोडे गहू उरले होते.

ती परत आत आली. गॅस बंद करताना ओट्यावर डबा दिसला. दही-भाताची शिदोरी! शिदोरीशिवाय का कानबाईला वाटेला लावायचं?

बेबाबाईनं डबा उचलला आणि बेसनाच्या हातांनी, अनवाणीच सुटली. पुढच्या गल्लीतून बँड ऐकू येत होता. पाठीमागून वळसा घेतला, दोन रिक्षांच्या मधून निघाली, गुलालानं माखलेल्या पोरांना बाजूला सारत घुसली ती थेट पाटासमोर.

आणि थबकली.

डोक्यावर पाट घेतलेली बाई ओळखीची नव्हती. नाचणारी एकही बाई ओळखीची नव्हती. ही दुसऱ्याच घरची कानबाई.

पण केवढी जवळ! उन्हात नथीचे मोती चमकत होते. पांढऱ्या डोळ्यांतली काळी बुबुळं सरळ तिच्याकडं बघत होती. ढोल वाजतच होता, फक्त बेबाबाईला तो क्षणभर लांबून आल्यासारखा वाटला. तिनं डबा काखेत मारला आणि तसेच बरबटलेले हात जोडले.

"अक्का, जराखा डोकावर ल्या ना," पाटवाली बाई घामेघूम होऊन म्हणाली. "मनी मान दुखी राहिनी."

"अवं माय, ही आमनी नही. मी चुकीसन उनू."

"कानबाईले काय आमनी-तुमनी?" म्हणत त्या बाईनं डबा आपल्याकडं घेतला आणि पाट तिच्या डोक्यावर ठेवलासुद्धा.

आता तोंड दिसेना, पण भार कळत होता. बेबाबाईचे पाय आपोआप ठेका धरू लागले. लोक समोर येत, पायांवर पाणी घालत, वाकत. गल्लीत कधी मोठ्यानं न हसलेली बेबाबाई खदखदा हसत, गिरक्या घेत अरुणावतीच्या काठाला आली.

तिथं घरची मंडळी शिदोरीसाठी खोळंबली होती. दोष एकमेकांवर ढकलून झाला होता. समोरून डोक्यावर परकी कानबाई घेऊन नाचत येणारी बेबाबाई बघून मंदाबाईचं तोंड उघडंच राहिलं.

"ताई, ही कोणाची आणली?"

झुंबरबाई मात्र काठी टेकत पुढं आली आणि कानबाई ज्या पायांवर उभी होती त्या पायांवर वाकली. बेबाबाई शहारली. पाट डोक्यावर, मागं सरताही येईना.

झुंबरबाई उठली, पदर सावरला. "शिदोरी लई उनी का?"

"लई उनू," म्हणत बेबाबाईनं डोळ्यांनीच त्या बाईच्या हातातला डबा दाखवला.

परका पाट उतरवून तिनं डब्यातला अर्धा भात त्या बाईच्या ताटलीत वाढला. मग आपल्या कानबाईपुढं वाळूतच फतकल मारून बसली. खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "अगं, नथ तिच्या उजव्या नाकपुडीत घातलीय!"

सगळे वाकून बघू लागले. पुनमनं घाईनं मोबाइलवर कालचे फोटो उघडले. सगळ्यांत नथ उजवीकडंच होती.

"ताई, पटकन बदला, बँडवाले निघालेत," मंदाबाई म्हणाली.

"निघू दे," बेबाबाई म्हणाली. तिनं बेसनाचे हात नदीत स्वच्छ धुतले, पदराला पुसले आणि सावकाश नथ सोडायला घेतली.